मागे कोण बसणार आहे?

कुटुंबासाठी गाडी घ्यायची म्हटलं की ओळखीतला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो बजेटचा. दुसरा मायलेजचा. तिसरा, पेट्रोल की इलेक्ट्रिक. मागे कोण बसणार आहे, हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी. चालवणाऱ्याचं कसंही भागतं. सीट पुढे-मागे करता येते, स्टिअरिंग वर-खाली होतं, आरसे आपल्या नजरेच्या हिशेबाने लावता येतात. मागे बसणाऱ्याला मात्र जे आहे त्यातच बसावं लागतं.

आमच्याकडे मागे बसतात माझी आई आणि माझा मुलगा. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, वॉकर कायम सोबत. मुलगा अजून चाइल्ड सीटच्या वयाचा. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. जुनी गाडी थकली होती, नवी घेणं भाग होतं, म्हणून या दोघांना काय लागेल याचा मी मनापासून अभ्यास केला. शोरूममध्ये त्या अभ्यासाची जी वासलात लागली त्याचा राग मला अजून आहे, आणि तो लिहून ठेवावासा वाटतो. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत त्या सगळ्यांच्या वाट्याला हे येतं.

आई गाडीत कशी बसते ते सांगते. आधी ती गाडीकडे पाठ करून उभी राहते. एक हात दरवाज्याच्या वरच्या कडेला, दुसरा मागे, सीट चाचपत. मग हळूहळू टेकते. टेकल्यावर थोडी थांबते, श्वास घेते, आणि मग एकेक पाय दोन्ही हातांनी मांडीखाली धरून आत घेते. सीट फार खाली असेल तर टेकताना शेवटचं चार बोटं अंतर ती तोल सोडून पडते. त्या चार बोटांची तिला इतकी भीती बसली होती की बाहेर जायचं नावच नको म्हणायची. सीट फार उंच असेल तर पाय आत घेताना टाचा गाडीच्या उंबऱ्याला अडकतात. म्हणजे सीटची उंची साधारण तिच्या बसकेइतकी हवी, उंबरा अरुंद आणि खाली हवा, मागचं दार भरपूर उघडायला हवं आणि दाराच्या वर धरायला पक्की मूठ हवी. डिझाइन करणारे लोक बसणाऱ्याच्या कमरेचा सांधा नेमका कुठे येईल तो बिंदू धरूनच अख्खी गाडी आखतात. त्याला ते एच-पॉइंट म्हणतात. मात्र बहुतेक माहितीपत्रकांत जमिनीपासून मागच्या सीटची उंची छापलेली नसते. चाकांमधलं अंतर असतं, इंजिनाची ताकद असते, स्क्रीन किती इंचांची ते तर पहिल्याच पानावर असतं. आईच्या दृष्टीने महत्त्वाचा एकमेव आकडा टेप घेऊन आपला आपण मोजावा लागतो.

डिकीचंही तसंच. डिकीची जागा लिटरमध्ये सांगतात. मोजायची एक रूढ पद्धत अशी की २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे ठोकळे घ्यायचे, एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर, आणि डिकीत असे किती मावतात ते मोजायचं. ठोकळे कोनाकोपऱ्यांत बसतात. घडी केलेला वॉकर कोनाकोपऱ्यांत बसत नाही. त्याला सलग लांबी लागते, आणि डिकीची कड उंच असेल तर तो दर वेळी त्या कडेवरून उचलून आत टाकावा लागतो. कागदावर जास्त लिटर असलेल्या एका गाडीत आमचा वॉकर तिरका करूनही जाईना, आणि कमी लिटरवाल्या दुसऱ्या गाडीत तो सहज आडवा राहिला.

मुलाच्या बाबतीत आयसोफिक्स बघायचं. मागच्या सीटच्या पाठ आणि बैठक यांच्या सांध्यात दोन लोखंडी कड्या असतात, चाइल्ड सीट त्यांत खटकन बसते. वरून ओढ द्यायला सीटच्या पाठीमागे आणखी एक हूक असतो. कड्या सगळीकडे सारख्या, तरी त्या फोमच्या आत किती खोल गाडलेल्या आहेत यावर रोजचं जगणं ठरतं. काही गाड्यांत बोटं सोलून निघतात. मधल्या सीटचा पट्टाही बघायचा. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन बिंदूंचा पट्टा नील्स बोलिन या इंजिनिअरने व्होल्वोसाठी १९५९ साली तयार केला आणि कंपनीने त्याचं पेटंट इतरांना वापरू दिलं. इतकी दशकं लोटली, तरी मधल्या सीटवर नुसता कमरेचा पट्टा असलेल्या गाड्या विकल्या गेल्या आहेत. तिथेही माणूसच बसतो ना? गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने १९९७ पासून गाड्या आपटून त्यांना तारे द्यायला सुरुवात केली, त्यामुळे पुष्कळ सुधारणा झाली हे खरंच. पण ते तारे ज्या मॉडेलला, ज्या सुरक्षा साधनांसकट आणि ज्या वर्षीच्या निकषांवर मिळाले, त्यांचेच असतात. आपण घेतोय त्या व्हेरिअंटमध्ये तीच साधनं आहेत का, हे विचारायलाच हवं.

तर मी हे सगळं घेऊन शोरूममध्ये गेले. आई होती, नवरा होता, मुलगा होता, वॉकर होता, घरची चाइल्ड सीट आणि टेप. आमच्या पुढ्यात विक्रीचा जो मुलगा आला त्याला पहिला धक्का चाइल्ड सीट पाहून बसला. "मॅडम, गाडी डिस्प्लेची आहे, सीटला वळ पडतील." मी म्हटलं, गाडी आम्ही घेतली तर ही सीट तिच्यात रोज बसणार आहे, ती बसते की नाही ते कुठे बघू? त्याने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने फोनवर बोलता बोलता मानेने नाही म्हटलं, आणि विषय संपला. आईला मागे बसून बघायचं होतं. पण ती गाडी फिरत्या चबुतऱ्यावर होती. चबुतरा एक वीतभर उंच. त्यावर गुडघ्याच्या बाईने चढायचं कसं? "आजींना इथे सोफ्यावर बसवूया ना," तो म्हणाला, आणि आईला खरोखर सोफ्यावर नेऊन बसवलं. पुढचा सगळा वेळ ती तिथेच होती. जिच्यासाठी गाडी घ्यायची, तिला कुणी एक शब्द विचारला नाही.

प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं माझ्या नवऱ्याला मिळत होती. मी विचारायचे, मधल्या पट्ट्याचं काय? तो वळायचा नवऱ्याकडे. "सर, सेफ्टीचं टेन्शनच घेऊ नका." नवऱ्याने शेवटी सांगितलं, गाडी ती चालवते, तिच्याशी बोला. मग तो माझ्याशी बोलू लागला ते रंगांबद्दल. बायकांनी हे इतक्या ठिकाणी सोसलेलं आहे की पुष्कळ जणी बोलायचंच सोडून देतात. मी सोडणार नाही. ज्या बाईच्या हातात आपल्या आईचा आणि लेकराचा जीव असतो तिला ब्रेकबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं, आणि ते तिच्याकडे पाहून मिळायला हवं.

टेस्ट ड्राइव्ह मिळाली ती सर्वांत महागड्या व्हेरिअंटची. आम्ही विचारत होतो मधल्याबद्दल. चाकं वेगळी, टायर वेगळे, गिअर वेगळे, म्हणजे धक्के आणि ओढ दोन्ही वेगळी. रस्ता ठरलेला, गुळगुळीत, सरळ, एक वळसा घालून परत. खड्डा लागला की मागे बसलेल्याच्या मणक्याला काय होतं, भरल्या गाडीने चढ चढताना काय होतं, अवघड जागी मागे घेताना खांबामागचं दिसतं का, यातलं काहीच त्या वळशात कळण्यासारखं नव्हतं. आईला घेऊन जाऊया म्हटलं तर "आजींना कशाला त्रास".

किमतीचा तपशील मागितला तेव्हा त्याने आपल्या व्हिजिटिंग कार्डामागे पेनने एकच आकडा लिहून दिला. यात विमा किती, नोंदणी किती, हाताळणी म्हणून जे लावलंय ते काय, चटया आणि सीटकव्हरचं पॅकेज सक्तीचं आहे का? "सगळं धरून आहे मॅडम." विमा बाहेरून घेतला तर? "मग डिलिव्हरीला वेळ लागतो." वाक्य साधं होतं, पण त्यातला अर्थ आम्हा दोघांनाही लगेच कळला.

अमेरिकेत १९५८ साली यावर कायदा झाला. माइक मोन्रोनी नावाच्या सिनेटरांनी तो पुढे आणला. नव्या गाडीच्या काचेवर एक कागद चिकटवायचा. त्यावर कंपनीने सुचवलेली किंमत, कारखान्यातच बसवलेल्या जादा गोष्टींची किंमत आणि गाडी आणण्याचं भाडं हे सगळं वेगवेगळं छापलेलं हवं, आणि गाडी घेणाऱ्याच्या ताब्यात जाईपर्यंत तो कागद कुणी काढायचा नाही. आजही तिथल्या गाड्यांवर तो असतो. इतकी साधी मागणी, नुसती बेरीज मांडून दाखवण्याची, तिच्यासाठी कायदा करावा लागला, यावरूनच विकणाऱ्याला बेरीज न मांडण्यात किती फायदा असतो ते कळतं. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं की विकणाऱ्याला जे माहीत असतं ते घेणाऱ्याला नसेल तर चांगल्या मालालाही योग्य भाव येत नाही आणि हळूहळू खराब मालच बाजारात उरतो. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेलही विभागून मिळालं. नव्या गाडीत यंत्र सगळ्यांना सारखंच मिळतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण गाडी यार्डात किती महिने उभी होती, कुठल्या रकमेत कोणाचं कमिशन आहे, डिलिव्हरीची तारीख कशाच्या आधारावर सांगितली, हे सगळं काउंटरच्या पलीकडेच राहतं.

तरी आम्ही बुकिंग केलं, कारण दुसऱ्या ओळखीच्या एकाकडे तीच गाडी होती, आई तिच्यात बसून पाहून आली होती आणि खूश होती. बुकिंगची पावती हातात पडली आणि शोरूमचा आवाज बंद झाला. आधी दिवसातून चार चार फोन करणारा मुलगा फोन उचलेना. उचलला की "मॅडम, मीटिंगमध्ये आहे". तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, रंग बदलता का असं विचारलं गेलं. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय. एक गोष्ट मी पहिल्यापासून करत होते. प्रत्येक फोननंतर झालेलं बोलणं त्याच दिवशी लिहून मेल करायचे. "आज आपण सांगितलंत की..." अशी सुरुवात. उत्तर आलं नाही तरी मेल राहते, आणि पुढे तीच कामाला आली.

मग अचानक फोन आला, गाडी आली, उद्या बिल करू. मी म्हटलं, बिलाआधी गाडी बघणार. "तशी पद्धत नाही." मी म्हटलं, मग बिलही नाही. बराच वाद झाल्यावर यार्डात नेलं.

गाडीवर धुळीचा थर होता, आणि त्यावर पावसाचे थेंब सुकून ठिपके पडलेले. म्हणजे ती काल आलेली नव्हती. बॅटरी इतकी उतरलेली की किल्लीच्या बटणाने दार उघडेना. मी मोबाइलचा टॉर्च लावून टायरपाशी उकिडवी बसले आणि अंगठ्याने रबरावरची माती पुसली. टायरच्या बगलेवर एक लांबट चौकट असते, तिच्यात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर गाडीहून थोडे जुने असणं स्वाभाविक आहे, एखाद-दोन महिन्यांचं अंतर कुणी धरत नाही. इथे शेवटचे दोन आकडे मागच्या वर्षाचे होते आणि आठवडा वर्षाच्या सुरुवातीचा. मग चॅसिस नंबर वाचला. तो १७ खुणांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं घेत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्यात मिसळतात. बऱ्याच कंपन्या त्यात मॉडेलचं वर्षही गुंफतात. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर बनावटीचा महिना स्पष्ट होता. मागच्या वर्षीची गाडी. आम्हाला मेलवर चालू वर्षाची सांगितलेली. मी मॅनेजरना दोन्ही दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, गाडी झीरो किलोमीटरच आहे, वर्षाने काय फरक पडतो?" फरक विकताना पडतो, विम्यात पडतो, आणि महिनोन्‌महिने एकाच जागी उभ्या असलेल्या टायरला आणि बॅटरीलाही पडतो. शिवाय खरं सांगून, किंमत कमी करून ती विकायला कुणाची हरकत नव्हती. आम्ही बुकिंग रद्द केलं. पैसे परत मिळायला बरेच खेटे घालावे लागले.

त्या विकणाऱ्या मुलावर माझा राग नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. दिवसभर उभं राहून, पगाराचा मोठा हिस्सा टार्गेटवर लटकलेला असताना, महिनाअखेरीला वरून ओरडा खात तो काम करतो. गाडीबद्दल त्याला शिकवलं गेलं असेल ते स्क्रीन आणि सनरूफबद्दल. आयसोफिक्सची कडी कुठे असते हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण ते शिकवायला हवं असं वरच्या कुणाला वाटलं नाही. शोरूम कंपनीचं नसतं, वेगळ्याच मालकाचं असतं, हेही कितीतरी गिऱ्हाइकांना माहीत नसतं. बाहेर पाटी कंपनीची, आत कारभार डीलरचा. तक्रार केली की कंपनी म्हणते डीलरशी बोला, डीलर म्हणतो कंपनीकडून आलं नाही. या दोघांच्या मध्ये गिऱ्हाईक उभं असतं. ही व्यवस्था ज्यांनी उभी केली त्यांनी तिची जबाबदारी घ्यायला हवी.

दुसऱ्या खेपेला मी शोरूममध्ये न जाता मागच्या वर्कशॉपमध्ये गेले. हे मी आता सगळ्यांना सांगते. गाडी एकदा विकत घेतो आणि सर्व्हिसला वर्षानुवर्षं जातो. तिथे बाकावर गाडीची वाट बघत बसलेली माणसं असतात, त्यांच्याशेजारी जाऊन बसावं. दिलेल्या वेळेला गाडी मिळते का? सांगितल्याशिवाय काम वाढवतात का? बदललेला जुना भाग दाखवतात का? लोक भरभरून बोलतात, आणि पैशासाठी बोलत नसल्यामुळे खरं बोलतात. एका वर्कशॉपमध्ये जॉबकार्डावर "जनरल चेकअप" एवढंच लिहिलेलं पाहिलं. दुसऱ्या ठिकाणी एका काकांच्या कार्डावर त्यांचीच तक्रार त्यांच्याच शब्दांत होती: "डावीकडे वळताना पुढून टकटक". मी त्या दुसऱ्या ठिकाणी गाडी घेतली.

तिथल्या शोरूममध्ये एक मुलगी होती. आईला पाहिल्यावर ती तिच्याशीच बोलली, आणि विचारलं, "तुम्ही आधी कुठला पाय आत घेता?" आईने उजवा म्हणून सांगितलं. मुलीने गाडी भिंतीपासून पुढे घेतली, मागचं डावं दार पूर्ण उघडलं आणि आईला बसायला सांगून बाजूला उभी राहिली. हात पुढे केला नाही, पण जवळ ठेवला. आई बसली, उतरली, पुन्हा बसली. मग त्या मुलीनेच सांगितलं की आम्ही ज्या मॉडेलचा विचार करत होतो त्याचा उंबरा रुंद आहे, आजींना दर वेळी त्रास होईल, त्यापेक्षा हे दुसरं बघा. दुसरं स्वस्त होतं. चाइल्ड सीट तिने स्वतः कड्यांत बसवून दाखवली. किमतीचा कागद छापील, रकमा एकेक ओळीत, विम्यापुढे "ऐच्छिक" लिहिलेलं. डिलिव्हरीच्या आधी यार्डात नेऊन चॅसिस नंबर वाचू दिला. वाहतुकीसाठी कारखान्यातून टायरमध्ये हवा जास्त भरून पाठवतात, ती कमी करायची राहिली तर गाडी दगडासारखी आपटते. ती हवा त्यांनी माझ्यासमोर तपासून बरोबर केली.

एवढंच तर हवं असतं. यातल्या कशालाही जादा खर्च लागत नाही, त्या मुलीला लागला तो वेळ सोडून.

पहिल्या शोरूमबद्दल नंतर कंपनीचा फोन आला. बुकिंग रद्द का केलं, दहापैकी किती गुण द्याल? त्याआधीच त्या मुलाचा मेसेज आला होता, "मॅडम प्लीज दहा द्या, नाहीतर इन्सेंटिव्ह कापतात." मी तीन दिले. आणि कारण विचारलं तेव्हा मेल समोर ठेवून तारखांसकट सगळं सांगितलं. चबुतरा, सोफा, कार्डामागचा आकडा, मागच्या वर्षीची गाडी. हेही सांगितलं की हे गुण त्या मुलाचे धरू नका, हे ज्याने मानेने नाही म्हटलं त्याचे आहेत, आणि तसं नोंदवून घेतल्याचं मला मेलवर कळवा. मेल आली आहे, तक्रारीच्या नंबरासकट. त्या शोरूममध्ये निदान एक गाडी खाली जमिनीवर, दारं पूर्ण उघडता येतील अशी ठेवली जाते का, एवढं मी त्यांना दर महिन्याला विचारत राहणार आहे.